कार्पेट क्लिनिंगवाल्याला खरंच ट्रेनिंग लागतं का, आणि त्याच्यावर विश्वास कशावरून ठेवायचा?

तुम्ही विचारलंय की कार्पेट धुवायला कसलं आलंय ट्रेनिंग, हे लोक नुसते जास्त पैसे घ्यायला ‘सर्टिफाइड’ लिहितात का, आणि घरी बोलवताना विश्वास कशावरून ठेवायचा. पहिलं वाक्य वाचलं आणि मला माझे मामाच बोलतायत असं वाटलं. त्यांचं आणि माझं याच एका वाक्यावरून 2011 पासून चाललंय, म्हणून लिहायला बसलो.

लागतं. घासायला काही लागत नाही, ते कुणीही दोन दिवसांत शिकतं. पण हात लावायच्या आधी समोर काय पसरलंय ते ओळखायला ट्रेनिंग लागतं.

2011 ला मी 24 चा होतो, ठाण्यात मामांच्या सोफा-कार्पेट क्लिनिंगच्या धंद्यात दोन वर्षं झालेली. आमची जास्त कामं ऑफिसची, म्हणजे अख्ख्या फ्लोअरवर चिकटवलेलं नायलॉनचं कार्पेट. त्याला सहसा काही होत नाही, कडक शाम्पू मारा, ब्रश फिरवा, मशीननं पाणी ओढून घ्या, सोमवारी लोक येऊन बसतात कामाला. तोच शाम्पू आणि तेच मशीन घेऊन मी पाचपाखाडीत एका काकूंकडं गेलो. हॉलमध्ये लोकरीचा लाल गालिचा, मधे क्रीम रंगाचं मोठं फूल, हातानं एकेक गाठ मारून विणलेला. काकांनी रिटायर झाल्यावर घेतला होता, आणि काकांचं वर्षश्राद्ध आठ दिवसांवर आलेलं, पाहुणे येणार म्हणून साफ करायचा होता.

तासाभरात काम उरकलं. काकूंनी पोहे दिले, ठरलेल्या पैशांवर 50 रुपये दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन आला. रात्रीत लाल रंग क्रीममध्ये उतरला होता, अख्खं फूल गुलाबी.

काय झालं ते आज मी झोपेतही सांगू शकतो. लोकर म्हणजे केसच, त्याला साधारण 5 ते 8 पीएचचं केमिकल चालतं (पीएच म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, 7 मधला, त्याच्या वर अल्कली), ऑफिसचा शाम्पू होता 10 च्या वरचा. अल्कलीनं लोकरीवरचा रंग सैल होतो, त्यात मी गरम पाणी सोडलं, ते नीट ओढून घेतलं नाही, पंखा लावला नाही, आणि गालिचा रात्रभर ओला राहिला, तेवढ्यात रंगानं आपली वाट शोधली. हे टाळायला काय लागलं असतं, तर एक पांढरा रुमाल. जे केमिकल वापरायचंय त्यातच तो ओला करायचा, प्रत्येक रंगावर दाबून धरायचा आणि रुमालाला रंग लागतो का बघायचं. लागला तर ते केमिकल त्या गालिच्याला लावायचं नाही, विषय संपला. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं, कारण मामांनाही कुणी सांगितलं नव्हतं.

मामा स्वतः माझ्याबरोबर आले, म्हणाले, “ताई, तुमच्या गालिच्याचा रंगच कच्चा होता.” काकू चिडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “कच्चा होता तर काल पाणी मारायच्या आधी का नाही सांगितलंत?” यावर मामा गप्प, मी पण गप्प. मामांनी पैसे परत केले, खाली आलो, आणि स्कूटरला किक मारता मारता म्हणाले की धंद्यात हे होतंच, आधीच सगळं सांगत बसलास तर काम कोण देईल.

भांडण ते हेच. मामांचं म्हणणं, धोका सांगितला की गिऱ्हाईक पळतं. माझं म्हणणं, धोका आधी सांगितला तर ती माहिती असते, नंतर सांगितली तर ते कारण असतं, आणि कारणं ऐकायला कुणी पैसे देत नाही.

पुढच्या वर्षी भिवंडीच्या एका गोदामातल्या ओळखीनं मी भदोहीला गेलो. वाराणसीपासून 45 किलोमीटरवर आहे, अख्खा पट्टाच गालिच्यांवर जगतो, तिथल्या हातानं बनवलेल्या गालिच्यांना 2010 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय. मामा म्हणाले कपडे धुवायला शिकायला यूपीला जातोस का, आणि तीन आठवड्यांचा पगार कापला. तिथं धुलाईच्या कामावर राहिलो. माणसं पायाखाली गालिचा पसरून, घोटाभर पाण्यात उभी राहून, लांब दांड्याच्या लाकडी पट्टीनं पाणी ढकलत ढकलत मळ काढतात, आणि प्रत्येक गालिच्याला पाणी लागायच्या आधी एक म्हातारे चाचा तो उलटा करून पाठ बघायचे. मला पहिले दोन दिवस दुसरं कामच दिलं नाही, नुसती पाठ बघ म्हणाले.

पाठीवर गाठी आणि पुढचंच डिझाइन दिसलं तर बहुतेक हातानं विणलेला. पाठीला कापड चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड, म्हणजे गननं धागे मारलेले आणि आत लॅटेक्सचा गोंद, याला जास्त पाणी दिलं की गोंद सुटतो, वास धरतो, जुना असेल तर आतून पिठासारखी पूड पडते. मग धागा. चिमटीनं एक धागा काढून जाळायचा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते, नायलॉन-पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते, आणि कागदासारखा भुरुभुरु जळला तर व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून बनवलेला रेशमासारखा चमकणारा धागा. धागा वरच्या लवेतला घ्यायचा, झालरीचा घेऊन फसू नका, झालर म्हणजे आतला उभा धागा, तो बऱ्याचदा कॉटनचा असतो आणि गालिचा लोकरीचाच असतो.

व्हिस्कोसबद्दल मला राग आहे आणि तो इथं बोलून दाखवतो. दुकानात हा ‘आर्ट सिल्क’, ‘बांबू सिल्क’ अशा नावांनी खपवतात, लोक रेशीम समजून घेतात. हा धागा ओला झाला की त्याची ताकद निम्म्याच्या आसपास खाली येते, ब्रश मारला की लव मोडते आणि वाळल्यावर पिवळट पडतो. घोडबंदरला एका बाईंना मी तोंडावर सांगितलं की हा सिल्क नाही, मी याला पाणी लावणार नाही, फक्त कोरडा व्हॅक्यूम करून देतो. त्यांना वाटलं मला काम येत नाही, त्यांनी दुसऱ्याला दिलं. तर मामा, तुमचं तेवढं खरं आहे, काही कामं जातात. पण ज्यांना मी नाही म्हणालो त्यातल्याच कितीतरी लोकांनी नंतर सोफ्यासाठी, पडद्यांसाठी मला बोलावलंय.

भदोहीहून आल्यावर मी स्वतःच्या पायानं काकूंकडं गेलो होतो. म्हटलं, काकू, मी शिकून आलोय, फूल पूर्ववत नाही होणार पण गुलाबीपणा बराच कमी करता येईल, पैसे नकोत. काकूंनी आत घेतलं, चहा दिला. गालिचा तिथंच होता, फूल सोफ्याखाली जाईल असा सरकवून ठेवलेला. म्हणाल्या, “राहू दे आता, नको हात लावूस.” मी त्यांना दोष देत नाही.

आता सर्टिफिकेटचं. अमेरिकेतली आयआयसीआरसी ही संस्था 1972 पासूनची आहे, तिचा कार्पेट क्लिनिंग टेक्निशियनचा कोर्स असतो, परीक्षा असते, आणि त्यात फायबर, पीएच, डाग, वाळवणं हे सगळं शिकवतात. चांगला कोर्स आहे. पण सर्टिफिकेट ऑफिसच्या भिंतीवर असतं आणि तुमच्या घरी येतो तो मागच्या सोमवारी लागलेला पोरगा. म्हणून ‘तुमच्याकडं सर्टिफिकेट आहे का’ हे विचारू नका, ‘जो माणूस घरी येणार तो काय शिकलाय’ हे विचारा. आपल्याकडं या कामाला कुठलं लायसन्स लागत नाही, मशीन विकत घेतलं की तुम्ही व्यावसायिक.

आल्यावर त्यानं गालिचा उलटून पाठ बघितली का, रुमाल दाबून रंग बघितला का, आधी कोरडा व्हॅक्यूम केला का (गालिच्यातली बरीचशी घाण सुकी धूळच असते, तिच्यावर थेट पाणी मारलं की चिखल होतो), आणि कुठला डाग जाणार नाही हे स्वतःहून बोलला का, एवढं बघा. जो ‘सगळे डाग शंभर टक्के जातील मॅडम’ म्हणतो त्याला पाणी पाजून परत पाठवा. हळदीच्या जुन्या डागाबद्दल अशी खात्री मी आजही देत नाही.

आणि त्या पोरांवर डाफरू नका. त्यांना दिवसाला चार-चार घरं दिलेली असतात, रुमाल दाबून पाच मिनिटं थांबायला वेळ कोण देतो? चूक मालकाची असते. माझ्याकडं आज चार मुलं आहेत, पहिला महिनाभर कुणाच्या हातात मशीन देत नाही, जुने तुकडे देतो आणि पाठ बघायला लावतो. मामा मागच्या मे महिन्यात लग्नात भेटले तेव्हा म्हणाले, महिनाभर फुकटचा पगार देतोस. फुकटचा नाही मामा, तो पाचपाखाडीचा हप्ता आहे, तुम्ही नाही भरलात म्हणून मी भरतोय.

एक राहिलं. तुमचं कार्पेट साधं मशीनचं पॉलीप्रॉपिलीनचं, म्हणजे प्लास्टिकच्या धाग्याचं असेल, किंवा पक्क्या रंगाची कॉटनची सतरंजी असेल, तर यातलं बरंचसं तुम्हाला लागू नाही, जवळच्या कुणाकडूनही करून घ्या, फक्त पावसाळ्यात नको, लवकर वाळत नाही आणि वास धरतो. तुम्ही कार्पेट कुठलं ते लिहिलंच नाहीये. एक कोपरा उलटा करा आणि पाठीचा फोटो टाका, मग सांगतो.