ताब्याची तारीख आणि हक्काची तारीख

ठाणे

चि. स,
अनेक आशीर्वाद.

वसाहतींच्या हस्तांतरणावर प्रबंध घेतलास, चांगलं केलंस. पण सगळे करतात तशी हाँगकाँगपासून सुरुवात नको. आपल्या खाडीपासून कर.

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांच्या लग्नासाठी झालेल्या 1661 च्या विवाह-तहातल्या 11व्या कलमाने पोर्तुगालने मुंबईचं बंदर आणि बेट, त्याला जोडून असलेल्या हक्क-प्रदेशांसह, इंग्लंडच्या राजाला दिलं. 'जोडून असलेले' म्हणजे कुठवर? इंग्रज म्हणाले, साष्टी (मुंबईच्या उत्तरेचं बेट) आणि ठाणंसुद्धा. पोर्तुगीज म्हणाले, फक्त बेट. 1662 मध्ये इंग्लंडकडून अब्राहम शिपमन सैन्य घेऊन आला, तर पोर्तुगीज व्हाइसरॉयने त्याचं अधिकारपत्र रीतसर नमुन्यात नाही म्हणून ताबाच दिला नाही. (हरकत की सबब, ते तू ठरव.) शिपमन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट बघत 1664 मध्ये वारला. ताबा मिळाला फेब्रुवारी 1665 मध्ये, त्याचा सचिव हम्फ्री कुक याला, आणि तोही साष्टी सोडून. मग मुंबईकडे येणाऱ्या मालावर पोर्तुगीज ठाण्यात आणि उरणजवळच्या कारंजाला जकात घेत राहिले. म्हणून कोणताही तह हातात आला की आधी तीन गोष्टी शोध: हद्द नेमकी कुठे लिहिली आहे, सही करणाऱ्याला अधिकार कुणी दिला, आणि तिथे जायची वाट कुणाच्या हातात राहिली.

दुसरं, ताबा आणि सार्वभौमत्व यांच्या तारखा वेगळ्या मांड. फ्रेंचांच्या ताब्यातल्या पाँडिचेरीचा कारभार 1 नोव्हेंबर 1954 ला आपल्याकडे आला, फ्रान्सशी झालेल्या तहावर सह्या 28 मे 1956 ला झाल्या, तो अंमलात आला 16 ऑगस्ट 1962 ला. मधल्या काळात तिथल्या बस परवान्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यायालयाने 1961 मध्ये सांगितलं की पाँडिचेरी अजून भारताच्या राज्यक्षेत्रात नाही! कारभार आपला, अधिकारी आपले, पण कायद्याने भूमी फ्रान्सची. या आठ वर्षांतच खरी गुंतागुंत आहे: जुने खटले, नोकरांची निवृत्तिवेतनं, फ्रेंच कायद्याने झालेले दस्त. नागरिकत्वासाठी तहाने सहा महिन्यांत लेखी पर्याय द्यायची मुभा ठेवली होती. तो भाग नीट वाच.

उलट दिशेचा प्रश्नही असतो. आपली भूमी दुसऱ्याला द्यायची तर घटनादुरुस्ती लागते, हे बेरुबारी (पश्चिम बंगालमधला, पाकिस्तानला अर्धा द्यायचा ठरलेला भाग) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1960 मध्ये सांगितलं. त्याला एक परिच्छेद पुरे.

येत्या रविवारी 11वं कलम आणि पाँडिचेरीचा तो 1961 चा निकाल छापून आण. मूळ मजकूर हवा, सारांश चालणार नाही.