भिंती भरायची घाई नको

प्रश्न: ताई नमस्कार, मला यंदा पहिल्यांदाच पहिलीचा वर्ग मिळालाय. हडपसरकडची मनपाची शाळा आहे, १५ जूनला मुलं येणार. खोली झाडूनपुसून झाली पण भिंती अगदीच ओक्याबोक्या दिसतात. शेजारच्या वर्गात मॅडमनी अप्पा बळवंत चौकातून तक्ते, बॉर्डर, कार्टून आणून सगळं भरून टाकलंय. माझा पगार अजून सुरू नाही झाला, उधारी करून आणू का? पालक काय म्हणतील असं वाटतं.

उत्तर: अगं, उधारी अजिबात नको. तुझ्या भिंती मोकळ्या आहेत हे चांगलंच आहे. २०१४ साली अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी बालवाडीच्या २४ मुलांना कधी सजवलेल्या तर कधी साध्या भिंतींच्या खोलीत शिकवून बघितलं, तर सजवलेल्या खोलीत मुलांचं लक्ष जवळपास ३९ टक्के वेळ दुसरीकडेच, साध्या खोलीत २८ टक्के, आणि चाचणीत पण मुलं साध्या खोलीत शिकलेलंच जास्त बरोबर सांगत होती. फळ्याच्या बाजूची भिंत तर कोरीच ठेव.

आता एक कर, सतरंजी टाक आणि पार मागच्या कोपऱ्यात मांडी घालून बस, कारण मुलं तिथूनच बघणार आहेत. फळ्यावर खिडकीचा उजेड चमकतोय का, तुझं अक्षर तिथून वाचता येतंय का, ते बघ. तक्ता लावायचाच तर बसलेल्या मुलाच्या नजरेला येईल इतका खाली लाव, आपल्याकडे सगळे तक्ते छताजवळ असतात, पोरांनी वाचायचे कसे?

पहिला तक्ता नावांचा कर. कार्डशीटच्या पट्ट्या काप, काळ्या मार्करने प्रत्येकाचं नाव मोठ्या ठळक अक्षरात लिही, आणि पाच-सहा पट्ट्या कोऱ्या ठेव कारण पहिलीचे प्रवेश जुलैपर्यंत चालूच असतात आणि उशिरा आलेल्या मुलाला पण पहिल्याच दिवशी आपलं नाव भिंतीवर दिसायला हवं ना. रोज सकाळी आल्यावर ज्याने त्याने आपली पट्टी शोधून हजेरीच्या कप्प्यात खोचायची. अननस न बघितलेलं पोर सुद्धा स्वतःच्या नावातला ‘अ’ लगेच ओळखतं, मग अमन आणि अनुष्काची पट्टी शेजारी ठेवली की दोघांचं पहिलं अक्षर सारखंय हे त्यांचं त्यांनाच दिसतं. तुझ्या भागात बांधकामावरच्या मजुरांची मुलं असतील, घरी हिंदी, कन्नड, कुणाकडे लमाणी, त्यांना तर मराठी वाचनात शिरायला स्वतःच्या नावासारखी दुसरी वाट नाही. नावाचा उच्चार मात्र आईबापाला विचारूनच लिही, आणि घरी काय हाक मारतात ते पण विचार.

बाकी भिंतीवर एक सुतळी बांध, चिमटे लाव, मुलं जे काढतील ते तिथे टांगायचं. जूनमध्ये भिंतींना ओल येते, सेलोटेपने लावलेलं आठवड्यात गळून पडतं, त्यामुळे पण सुतळीच बरी. दाराशी छत्र्या-रेनकोटसाठी खिळ्यांची फळी आणि पायपुसायला गोणपाट मात्र आत्ताच बघ, पहिल्याच पावसात लागणार.

पालकांचं म्हणशील तर प्रवेशोत्सवाच्या दिवशी त्यांना नावांच्या तक्त्यापाशी ने आणि त्यांच्या मुलाची पट्टी त्यांच्या हातात दे. शेजारच्या मॅडमशी तुलना ते नाही करणार, आणि केलीच तर सुतळी दाखवून सांग, दिवाळीपर्यंत हे सगळं तुमची मुलं भरणार आहेत.