साहेबांना काय सांगायचं

दादर, मुंबई

प्रिय पोरी,

तुझा मेसेज नीट वाचला. फोनवरच बोललो असतो, पण तुमच्या दालनात सध्या भिंतींनाही कान फुटलेत असं तूच म्हणतेस, म्हणून लिहून पाठवतो. साहेब ज्याचे मंत्री आहेत त्या खात्यातून गेलेलं कंत्राट, त्या कंपनीत भाच्याची भागीदारी, विधानभवनाच्या पायऱ्यांवर फलक घेऊन बसलेले विरोधक, आणि स्वतःच्याच पक्षातल्या दोघा-तिघांनी धरलेलं मौन. हे सगळं सांगून तू शेवटी विचारलंस, 'काका, साहेब निर्दोष असतील तर त्यांनी राजीनामा देऊन का जायचं?'

ते निर्दोष आहेत की नाहीत हे आज तुला ठरवता येणार नाही, मलाही नाही. आज ठरवायचंय ते वेगळंच आहे. साहेब त्या खुर्चीत असताना त्या कंत्राटाची फाईल कुणी मोकळेपणाने उघडू शकेल का? ज्या अवर सचिवाने त्या फाईलवर पहिली टिपणी लिहिली, त्याला चौकशी अधिकारी बोलावणार. तो माणूस रोज साहेबांच्या दालनावरून जातो. त्याच्या बदलीचा विषय निघाला तर शब्द साहेबांचाच चालणार. 'टिपणीत मी हरकत घेतली होती, वरून फोन आला म्हणून ती काढली,' असं समजा खरंच घडलं असेल, तर तो ते सांगेल? आणि असं काहीच घडलं नसेल, तरी त्याच्या 'नाही'वर बाहेर कोण विश्वास ठेवेल? साहेब स्वच्छ असतील तर त्यांचं स्वच्छ असणं सिद्ध व्हायलासुद्धा त्यांची खुर्चीच आड येतेय. माझं मत म्हणून स्पष्ट आहे: त्यांनी जावं, आणि लवकर जावं.

विरोधक मागतात म्हणून नव्हे. विरोधक दर अधिवेशनात कुणाचा ना कुणाचा राजीनामा मागतात, ते त्यांचं कामच आहे. त्या घोषणांवर राजीनामे द्यायचे तर एक मंत्रिमंडळ वर्षभर टिकणार नाही.

लवकर का, ते सांगतो. १९८१च्या ऑगस्टमध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांच्या ट्रस्टचं प्रकरण वर्तमानपत्रात आलं. सिमेंटवर तेव्हा सरकारचं नियंत्रण होतं. बिल्डरांना जादा सिमेंट आणि त्या बदल्यात ट्रस्टला देणग्या, असा आरोप होता. अंतुले कर्तबगार माणूस, निर्णयाला धडाडीचे. संजय गांधी निराधार योजना त्यांच्याच काळातली, आजही म्हाताऱ्या बाया तिच्या पैशांची वाट बघतात. पण ते खुर्चीवर बसून राहिले. १२ जानेवारी १९८२ला मुंबई उच्च न्यायालयात न्या. लेंटिन यांनी निकाल दिला आणि मग पायउतार व्हावं लागलं. पुढे ते केंद्रात मंत्री झाले, तरी महाराष्ट्रात त्यांचं नाव निघालं की आधी सिमेंट आठवतं, निराधार योजना नाही. न्यायालयाने ताशेरे ओढल्यावर गेलेल्या माणसाला 'गेला' कुणी म्हणत नाही, 'घालवला' म्हणतात.

'राजीनामा दिला म्हणजे गुन्हा कबूल केला असं होईल,' ही तुमच्या दालनातली सगळ्यात मोठी भीती. याला उत्तर म्हणून आर. आर. पाटील, म्हणजे आबांचं उदाहरण साहेबांसमोर ठेव. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात १६६ माणसं गेली. करकरे, कामटे, साळसकर, ओंबळे गेले. आणि त्या दिवसांत गृहमंत्री असलेल्या आबांच्या तोंडून एक हिंदी वाक्य निघून गेलं, मोठ्या शहरांत असं छोटं-मोठं घडत असतं अशा अर्थाचं. लोक भयंकर चिडले, आणि चिडणं रास्तच होतं. आबांवर पैशाचा आरोप नव्हता, समुद्रातून आलेली बोट त्यांनी आणली नव्हती. पण गृहखातं त्यांचं होतं. १ डिसेंबरला त्यांनी पद सोडलं. मुख्यमंत्री विलासराव ताजच्या पाहणीला गेले तेव्हा सोबत चित्रपट दिग्दर्शक होता, ती दृश्यं घराघरांत दिसली आणि त्यांनाही जावं लागलं. आता पुढचं बघ. २००९च्या निवडणुकीत तासगावने आबांना पुन्हा निवडून दिलं आणि त्याच वर्षी ते पुन्हा गृहमंत्री झाले. विलासरावही २००९मध्ये केंद्रात मंत्री झाले. राजीनाम्याने माणूस संपत नाही, हे आपल्याच राज्याने दाखवून दिलंय. आबा वारले तेव्हा लोक ज्या तऱ्हेने हळहळले, ती हळहळ खुर्ची धरून बसलेल्यांच्या वाट्याला येत नाही.

मात्र नुसतं जाऊन भागत नाही. जाताना चौकशीची मुदत मागायला हवी, आणि हे साहेबांच्या मनावर तूच बिंबव, कारण बाकीचे कुणी सांगणार नाहीत. मुंदडा प्रकरण तू कदाचित नुसतं ऐकलं असशील. एलआयसीचा पैसा एका उद्योगपतीच्या डबघाईच्या कंपन्यांत गुंतवला गेला म्हणून १९५८च्या जानेवारीत न्या. छगला यांची चौकशी नेमली. सुनावणी इथे मुंबईत, सगळ्यांदेखत. गर्दी इतकी की बाहेरच्या लोकांना ऐकू यावं म्हणून लाऊडस्पीकर लावले. फेब्रुवारीत अहवाल आला आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी त्याच महिन्यात गेले. महिना-सव्वा महिन्यात सगळं आटोपलं. त्यापुढे 'आदर्श' सोसायटीच्या घोटाळ्याचं प्रकरण ठेवून बघ. २०१०च्या नोव्हेंबरात अशोकराव चव्हाणांचं मुख्यमंत्रिपद गेलं, आणि चौकशी आयोगाचा अहवाल विधिमंडळात यायला २०१३चा डिसेंबर उजाडला. तीन वर्षं माणूस ना धड दोषी, ना धड निर्दोष. साहेबांनी तोच त्रास भोगावा असं मला वाटत नाही. राजीनाम्यासोबत जाहीर मागणी करावी: चौकशी निवृत्त न्यायाधीशांकडून, ठरावीक मुदतीत, आणि अहवाल आला त्याच आठवड्यात लोकांसमोर. ही मागणी राजीनामा देणाऱ्याने केली तर सरकारला ती सहजासहजी टाळता येत नाही. खुर्चीवर बसून केली तर तिला वेळकाढूपणा म्हणतात.

'खातं काढून घ्या, मंत्रिपद राहू द्या' ही तडजोड कुणीतरी सुचवेल. तिला हो म्हणू नका. बिनखात्याचा मंत्रीही मंत्रिमंडळाच्या बैठकीत बसतो आणि त्या अवर सचिवाला ते दिसतं. परत येण्याची घाईही नको. सिंचनाच्या आरोपांवरून अजित पवारांनी २०१२च्या सप्टेंबरात उपमुख्यमंत्रिपद सोडलं, श्वेतपत्रिका आली आणि डिसेंबरात ते पुन्हा उपमुख्यमंत्री झाले. पण आरोप तिथे मिटले नाहीत, पुढे कितीतरी वर्षं प्रत्येक निवडणुकीत निघत राहिले.

आता तुमच्या त्या ओएसडींचा, म्हणजे विशेष कार्य अधिकाऱ्यांचा, मुद्दा. ते म्हणतात, २०२२मध्ये उद्धवजींनी राजीनामा दिला आणि पुढे न्यायालयात तोच नडला, तेव्हा राजीनामा द्यायचाच नसतो. अर्धं बरोबर आहे. २९ जून २०२२च्या रात्री सर्वोच्च न्यायालयाने बहुमत चाचणीला स्थगिती द्यायला नकार दिला आणि उद्धव ठाकरे यांनी फेसबुक लाइव्हवरून राजीनामा जाहीर केला. ११ मे २०२३ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने म्हटलं की राज्यपालांनी ती चाचणी बोलावणंच समर्थनीय नव्हतं, पण मुख्यमंत्र्यांनी चाचणीला सामोरं न जाता स्वतःहून राजीनामा दिला, त्यामुळे आधीचं सरकार परत आणता येत नाही. आमदार फुटल्यावर आकडा आपल्याकडे नाही हे दिसत असताना सभागृहात उभं राहणं फार जड असतं, हे मला कळतं. तरी अशा वेळी माझं मत उभं राहण्याच्याच बाजूचं आहे. वाजपेयी १९९९च्या एप्रिलमध्ये एका मताने हरले, पण मतदान झालं आणि कोण कुठे उभा होता हे कायमचं नोंदलं गेलं.

पण तो प्रश्न बहुमताचा होता. सरकारवर विश्वास आहे की नाही हे १४५ हात ठरवतात, आणि ते सभागृहातच मोजायचे असतात. साहेबांचा प्रश्न वर्तनाचा आहे. तिथे १४५ काय, २८८च्या २८८ आमदार पाठीशी असले तरी त्या भाच्याचं नाव कंपनीच्या कागदावरून पुसलं जात नाही. ओएसडी दोन्हींची सरमिसळ करतात. साहेबांच्या कानावर तेच रोज पडतंय, म्हणून त्यांना पेच वाटतोय.

तू लिहिलंस की शनिवारी मतदारसंघातून गाड्या भरून माणसं येणार आहेत, 'साहेब, राजीनामा देऊ नका' म्हणायला. शक्य असेल तर त्या गाड्या निघूच देऊ नका. २ मे २०२३ला यशवंतराव चव्हाण सेंटरमध्ये शरद पवारांनी पक्षाध्यक्षपद सोडत असल्याचं सांगितलं तेव्हा जे झालं ते तू टीव्हीवर पाहिलं असशील: घोषणा, व्यासपीठाकडे धावणारे कार्यकर्ते, जयंत पाटलांना अनावर झालेलं रडू. ते अश्रू खरे होते, मला त्याबद्दल तिळमात्र शंका नाही. तीन दिवसांनी निर्णय मागे घेतला गेला. पण ते पक्षाचं पद होतं, पक्षाच्या माणसांचा त्यावर हक्क होता. मंत्रिपद मतदारसंघाच्या प्रेमावर ठरत नाही. ते कंत्राट ज्यांच्या करातून दिलं गेलं, ते लोक त्या गाड्यांमध्ये नसतात.

साहेबांशी बोलायचं असेल तर सकाळी, बंगल्यावर, भेटायला येणारी माणसं आत सोडण्याआधी. गाडीत नको, तिथे ड्रायव्हर आणि अंगरक्षक असतात आणि चारचौघांदेखत ऐकलेला सल्ला कुठलाच नेता मनावर घेत नाही. व्हॉट्सअॅपवर तर मुळीच नको. आणि बोलण्याआधी स्वतःशी एक गोष्ट मान्य कर: साहेब गेले तर तुझं कामही जाईल, घरभाड्याची चिंता उभी राहील. ते मनात दाबून ठेवून बोलायला गेलीस तर तुझ्याच तोंडून 'थोडं थांबून बघूया' निघेल. एकदा नीट सांग. त्यांनी ऐकलं नाही तर तो त्यांचा अधिकार आहे, पण मग 'विरोधकांचं षड्यंत्र' असली प्रेसनोट लिहायला नकार दे. तेवढा अधिकार तुलाही आहे.

त्यांनी ऐकलं, तर राजीनाम्याचा मसुदा तूच कर. दोन ओळी पुरेत, मुख्यमंत्र्यांच्या नावे, ते पुढे राज्यपालांकडे पाठवतील. 'नैतिक जबाबदारी' लिहून खाली पानभर सफाई द्यायची नाही. चौकशीची मागणी वेगळ्या निवेदनात.

आणि राजीनाम्याची कुणकुण लागली की सह्यांसाठी फाईलींची रांग लागेल. ठेकेदार येतील, दुसऱ्या खात्यातले ओळखीचे येतील, मागची तारीख टाकून एवढी एकच सही घेऊन द्या म्हणतील. एकही फाईल आत जाऊ देऊ नकोस, ती कितीही साधी वाटली तरी. आवक-जावक नोंदवहीत त्या दिवसापर्यंतच्या सगळ्या नोंदी पूर्ण करून घे, वही कुलपात ठेव आणि किल्ली उपसचिवांकडे देऊन त्यांची लेखी पोच घे.

तुझा,
काका