बोटीतला संडास रिकामा कुठं होतो?

मागच्या अंकात जलपर्यटनावर थोडंसं लिहिलं होतं, त्यावर बोटीतल्या घाणीबद्दल इतके प्रश्न आले की यावेळी बाकीचे विषय बाजूला ठेवले. नावं कोणाचीच छापत नाही, तालुका-जिल्हा तेवढा देतो.

मच्छीमार सोसायटीचे सभासद, पवनी तालुका: आमच्या इकडं धरणाच्या पान्यात मोठी बोट येनार म्हनतेत, वरती जेवनाचा हॉल अन् खाली दोन संडास. आमी ढिवर लोक, रोज पान्यातच. त्या संडासाचं पानी कुठं जाते हे कोनी सांगत नाई. इचारलं त टाकी हाय म्हनते. टाकी भरली मंग?

भाऊ, सगळं प्रकरण तुमच्या त्या शेवटच्या दोन शब्दांतच आहे. बोटीत टाकी बसवणं सोपं असतं, पण ती काठावर कुठं रिकामी करायची हे ठरलेलं नसलं तर भरल्यावर ती पाण्यातच जाणार, दुसरं होणार काय. हिशोब करून पाहा. बोटीत 40 माणसं, एका फेरीत प्रत्येकजण एकदाच गेला, आणि कमी पाण्याचं हातपंपाचं भांडं असलं तरी लघवी न् पाणी मिळून माणशी अडीच लिटर धरा, म्हणजे एका फेरीचे 100 लिटर. 500 लिटरची टाकी पाच फेऱ्यांत फुल्ल. सुट्टीच्या दिवशी हे एका दिवसात होतं. आणि घरासारखा फ्लश बसवला असेल तर एका वेळी सहा ते दहा लिटर जातात, मग दोन फेऱ्यांतच खेळ खलास.

म्हणून सोसायटीनं पहिला प्रश्न हा विचारायचा की जेटीवर उपसायची सोय कुठं आहे, ती आम्हाला दाखवा. बोट जेटीला लागते, डेकवरच्या तोंडाला जाड पाइप लावतात आणि व्हॅक्यूम पंपानं सगळं ओढून काठावरच्या टाकीत घेतात, एवढंच ते काम असतं. अमेरिकेत 1992 साली यासाठी क्लीन व्हेसल अॅक्ट नावाचा वेगळा कायदा करून काठाकाठावर असे पंप बसवायला सरकारनं पैसे दिले. आपल्याकडं सेफ्टी टाकी उपसायची गाडी मिळते, ती जेटीपर्यंत येईल असा पक्का रस्ता केला तरी भागतं. फक्त ती गाडी पुढं कुठं ओतते तेही विचारा, नाहीतर ती नाल्यात ओतते आणि नाला तलावातच येतो. नगर परिषदेचं मैला गाळ प्रक्रिया केंद्र असेल तर तिथं, नसेल तर जवळच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर, आणि हे कागदावर पाहिजे. टाकी साफ करायला माणूस आत उतरवायचा नाही, 2013 च्या कायद्यानं ते बंद आहे आणि आतल्या वायूनं जीव जातो.

दुसरं म्हणजे व्हॉल्व. पुष्कळ बोटींत संडासाच्या पाइपला दोन तोंडं असतात, एक टाकीकडं आणि एक सरळ बाहेर पाण्यात, आणि मधला दांडा फिरवला की काम झालं. अमेरिकेतल्या ज्या तलावांत सोडायला बंदी आहे तिथं नियम असा की बाहेरचा व्हॉल्व बंद करून एकतर त्याला कुलूप लावा, नाहीतर दांडाच काढून ठेवा. आपल्याला तर बाहेरचं तोंड हवंच कशाला, परवानगी देतानाच वेल्डिंग करून बुजवा म्हणावं. कॅलिफोर्नियाजवळ कॅटलिना बेट आहे, तिथं एव्हलॉन बंदरात बोट आली की बंदराचे लोक तिच्या संडासात रंगाची गोळी टाकून फ्लश करतात, बाहेर पाण्यात रंग दिसला की कारवाई. अशी तपासणी आपल्याकडं सोसायटीच्या दोन माणसांसमोर कधीही करता येईल अशी अटच करारात घालून घ्या.

तिसरं, बोट सुरू व्हायच्या आधीच पाणी तपासून ठेवा. गावात नळाच्या पाण्यासाठी एचटूएसची बाटली वापरतात, घाण असली की ती एक-दोन दिवसांत काळी पडते, पण तलावाच्या पाण्यात म्हशी बसतात, ती बाटली तशीही काळीच पडेल, त्यावरून काही सिद्ध होत नाही. आकडा पाहिजे. जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेत कोलिफॉर्मची, म्हणजे पाण्यात मैला मिसळल्याची खूण देणाऱ्या जिवाणूंची, मोजणी करून घ्या आणि तो कागद जपून ठेवा. आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण मंडळानं 100 मिलिलिटरला एकूण कोलिफॉर्म 500 किंवा कमी अशी मर्यादा दिली आहे. तुमच्या बाया-माणसं छातीभर पाण्यात उभं राहून शिंगाडा काढतात, तिथंच दातानं सोलून तोंडात टाकतात. कावीळ, टायफॉइड, गॅस्ट्रो हे सगळं त्याच वाटेनं पोटात जातं, त्यामुळं हा आकडा पर्यटकापेक्षा तुमच्या घरासाठी जास्त महत्त्वाचा आहे.

बोटिंगचे ठेकेदार, गोंदिया जिल्हा: टाकीत औषध टाकून किंवा बायो-टॉयलेट बसवून पाणी तलावात सोडलं तर चालणार नाही का? रेल्वेत तर तसंच आहे.

नाही चालणार. रेल्वेचे बायो-टॉयलेट डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या जिवाणूंवर चालतात, चांगलं तंत्र आहे, पण त्यातून निघणारं पाणी रुळावर पडतं, तलावात नाही. जिवाणू मैला कुजवतात, जंतू कमी होतात, पण नायट्रोजन आणि फॉस्फरस बहुतेक तसेच त्या पाण्यात उरतात. एका माणसापासून वर्षाला चारेक किलो नायट्रोजन आणि अर्ध्या किलोच्या आसपास फॉस्फरस निघतो, त्यातला जास्त भाग लघवीतला, म्हणजे फक्त लघवीच तर आहे हे म्हणणंही खरं नाही. वाहत्या नदीत ते पुढं तरी जातं, थांबलेल्या पाण्यात शेवाळ आणि जलकुंभी त्यावरच पोसतात, शेवाळ रात्री ऑक्सिजन खातं आणि पहाटे मासे तोंड वर काढून हवा घ्यायला लागतात. ते दृश्य ज्यानं पाहिलंय त्याला पुढं काय होतं ते सांगायला नको.

निळं औषध तर आणखी वाईट. पुष्कळ औषधांत फॉर्मल्डिहाइड असतं, वास मारतं, पण काठावरच्या सेफ्टी टाकीतले कामाचे जिवाणूही मारतं. बायो-डायजेस्टर बसवायचाच तर काठावर बसवा आणि त्याचं पाणी जमिनीत मुरवा. बोटीत साधी बंद टाकी ठेवा, खाली आणि बोटीच्या मधोमध, कारण 500 लिटर म्हणजे 500 किलो वजन आणि अर्धी भरलेली टाकी हिंदकळली की बोट कलते. हवेचा पाइप बाहेर काढा, भरली किती ते दिसेल असा काटा लावा. किचनचं खरकटं पाणीही त्यातच किंवा वेगळ्या टाकीत घ्या, ते तेलकट पाणी आपण विसरून जातो.

बचत गटाच्या अध्यक्ष, रामटेक तालुका: आमचा महिला बचत गट पायडल बोटी चालवतो. बोटीत संडासच नाही, मग आम्हाला काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न बोटीचा नाही, काठाचा आहे. काठावर स्वच्छ संडास नसला तर लोक झुडपात जातात, पहिल्या पावसात ते सगळं तलावात. त्यामुळं तिकीट खिडकीच्या शेजारीच संडास पाहिजे, बायकांसाठी वेगळा, आतून कडी लागणारा आणि पाणी असलेला, आणि तिकीट देताना सांगायचं की आधी जाऊन या. लहान लेकरांच्या आयांसाठी डायपर टाकायला झाकणाचा डबा ठेवा, नाहीतर ते डायपर पाण्यावर तरंगताना दिसतात.

जागा मात्र नीट पाहा. उन्हाळ्यात पाणी मागं सरतं तेव्हा काठ लांब वाटतो, तिथं कोणीतरी शोषखड्डा खणून देतं आणि ऑगस्टमध्ये तलाव भरला की खड्डा पाण्याखाली. तलाव फुल्ल भरल्यावर पाणी कुठपर्यंत येतं ते जुन्या माणसांना विचारा, पाटबंधारेवाल्यांकडून त्या पातळीची खूण करून घ्या आणि संडास त्याच्या वर, चांगला लांब. काळी माती असेल तर पाणी मुरत नाही, बाहेर येतं, मुरमाची जागा मिळाली तर तीच घ्या.

कॉलेजचा विद्यार्थी, भंडारा: अख्ख्या नागपूरचं गटार नाग नदीतून आमच्याकडं येतं, ते कोणी थांबवत नाही आणि तुम्ही दोन बोटींच्या मागे लागलात. याला काय अर्थ आहे?

तुझा राग एकदम रास्त आहे. नाग नदीचं पाणी कन्हानमध्ये, कन्हानचं वैनगंगेत आणि ते गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात, हे सगळ्यांना माहीत आहे, आणि तो लढा सोडायचा नाही. पण तिथं शहरभर गटारी टाकायच्या, प्रक्रिया केंद्रं उभी करायची, वर्षं जातात. बोटीला एक टाकी, एक कुलूप आणि जेटीवर एक पाइप लागतो, तेही बोट यायच्या आधी. अजून सुरूच न झालेली घाण थांबवायची संधी मिळतेय, ती का घालवायची. आणि खिंडसी, नवेगावबांध, इटियाडोह, गावोगावचे मामा (माजी मालगुजारी) तलाव, इथं तर नाग नदी येत नाही ना. तिथं बोट हीच नवी घाण ठरू शकते.

एक खलाशी (तालुका मुद्दाम देत नाही): मालक म्हनते अंधार पडला का मधात नेऊन सोडून दे. नाई म्हटलं त काम जाते. काय करू?

भाऊ, आधी हे लक्षात घ्या की 1974 च्या जल प्रदूषण कायद्याचं कलम 24 जाणूनबुजून असं पाणी सोडणाऱ्याला आणि सोडू देणाऱ्याला, दोघांनाही लागतं, मग तलाव नैसर्गिक असो की धरणाचा. उद्या पकडलं गेलं तर मालक सरळ तुमच्याकडं बोट दाखवेल. अंतर्देशीय जलयान अधिनियम 2021 मध्येही बोटींच्या प्रदूषणावर वेगळं प्रकरण आहे. पण एकट्यानं भांडायला जाऊ नका. रोज संध्याकाळी टाकीच्या काट्याचा मोबाइलवर फोटो काढा. संध्याकाळी भरलेली टाकी सकाळी रिकामी असेल आणि उपसायची गाडी आलीच नसेल तर पुरावा तुमच्या हातात आहे. तो मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षाला किंवा सरपंचाला द्या, अर्ज त्यांच्या लेटरहेडवर जाऊ द्या, एक प्रत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ऑफिसात आणि एक पाटबंधारे विभागाला, दोन्हीकडून पोच घ्या. अर्जात बोटीचा नंबर, तारीख, वेळ आणि जागा लिहा. तुमचं नाव त्यात येता कामा नये, आणि फोटो देताना त्यात तुमचा हात किंवा चप्पलसुद्धा दिसत नाही ना ते पाहून घ्या.