देवाने आपल्या अंगावर पाखरू का घालायचं?

प्रिय रुथू,

परवा रात्रीच्या प्रार्थनेत मी "प्रभू, आमच्यावर पाखर घाल" म्हणाले आणि तू एक डोळा उघडून विचारलंस, "आई, मराठीत आपण देवाला अंगावर पाखरू घालायला का सांगतो? स्वेटरसारखं?" बाबा हसले, मीही हसले, आणि त्या हसण्यात उत्तर द्यायचं राहूनच गेलं. म्हणून हे पत्र. अडेल तिथे माझ्याजवळ येऊन बस, दोघी मिळून वाचू.

पाखर घालणं म्हणजे पक्षिणीने पिल्लांना पंखाखाली घेणं. माणसांबद्दलही आपण तसंच बोलतो. आई, आजी, थोरली ताई, ज्यांच्याजवळ गेलं की भीती कमी होते, त्यांची आपल्यावर "मायेची पाखर" असते. जुन्या काळी लढाईतल्या घोड्याला चढवायच्या चिलखतालाही पाखरच म्हणत. तेव्हा तुझा स्वेटर अगदीच चुकला नव्हता! शिवाय प्रार्थनेतले शब्द माझ्या पदरचे नाहीत. बायबलच्या 91व्या स्तोत्रात आहे, "तो तुझ्यावर पाखर घालील", आणि लगेच पुढे ढाल आणि कवचही येतं.

आता गॅरेजच्या छपराखालच्या त्या चिमणीकडे वळू. ती अंड्यांवर बसली तेव्हा तू म्हणाली होतीस, "नुसती बसूनच तर आहे." चिमणीची अंडी उबायला साधारण 11 ते 14 दिवस लागतात. मलाही वाटायचं की अंड्यांना पिसांची ऊब लागते. तसं नसतं गं. पिसं ऊब आतल्या आत धरून ठेवतात. तुझं जाड जॅकेट तुला गरम ठेवतं, पण बाहेरून मिठी मारणाऱ्याला त्यातली ऊब कुठे मिळते? म्हणून उबवणीच्या दिवसांत चिमणीच्या पोटावरची पिसं गळतात. तिथली कातडी उघडी पडते, तिच्याखालच्या रक्तवाहिन्या फुगतात, आणि तीच उघडी, ऊन जागा ती अंड्यांना टेकवते. वरून आपल्याला फक्त पंख दिसतात. खाली तिने स्वतःचं पांघरूण काढून ठेवलेलं असतं.

हे कळलं तेव्हा मला येशूचा वधस्तंभ, म्हणजे त्याचा क्रूस, आठवला. इथे जास्त समजावत नाही.

येशूनेही स्वतःबद्दल बोलताना पक्ष्याचाच दाखला दिला, आणि पक्षी निवडला तोही गरुड नव्हे, कोंबडी! यरुशलेमेकडे पाहून तो म्हणाला, कोंबडी पिल्लांना पंखाखाली घेते तसं तुझ्या मुलांना जवळ घ्यावं असं मला कितीदा वाटलं, पण तुम्हाला ते नको होतं. मला यातला शेवटचा भाग फार लागतो. कोंबडी पंख पसरून हाका मारते. पिल्लाची मान धरून त्याला ओढत आणत नाही.

आणि ते पडलेलं पिल्लू. आपण त्याला बुटांच्या खोक्यात ठेवून पुरलं, तेव्हा तू विचारलंस, "देवाला दिसलं नाही का?" मी घाईघाईने म्हणाले, "ते देवाकडे गेलं." ते उत्तर मला तेव्हाही पटलं नव्हतं. चिमण्या पडतच नाहीत असं येशू कुठेच म्हणत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात दोन चिमण्या एका नाण्याला विकतात, अगदी हलक्या, तांब्याच्या नाण्याला. लूकच्या शुभवर्तमानात दोन नाण्यांना पाच मिळतात. हिशेब कर पाहू. दोन नाण्यांना चार व्हायला हव्यात, म्हणजे पाचवी फुकट, नुसती वर घातलेली. तिचाही देवाला विसर पडत नाही, असं तो म्हणतो. मत्तयात एकही चिमणी "तुमच्या पित्यावाचून" जमिनीवर पडत नाही, मूळ ग्रीकमध्ये एवढेच शब्द आहेत. मी ते असं वाचते की पडते तेव्हाही तो तिथे असतो. पिल्लू वाचायला हवं होतं, असं मला अजून वाटतं. तेही मी प्रार्थनेत सांगते.

"आकाशातली पाखरं पेरत नाहीत, कापत नाहीत, कोठारात साठवत नाहीत" हे वाचलं तेव्हा तू मला बरोबर पकडलंस, की 'जे' नावाचा पक्षी तर ओकच्या झाडाची फळं जमिनीत लपवून ठेवतो! खरं आहे. लपवलेली काही तशीच राहतात आणि त्यांची झाडं उगवतात. त्याला कोठार म्हणायचं की पेरणी, तूच ठरव. पण त्या वचनाचा अर्थ आयतं बसून खावं असाही नाही. आपली चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिल्लांना किडे-अळ्या लागतात, आणि त्या आणायला ती उजाडल्यापासून अंधारेपर्यंत ये-जा करत होती. मी तिला पाहिलं ते माझी नोकरी गेली होती त्या दिवसांत, रोज सकाळी खिडकीशी चहाचा कप धरून. ती दमत होती. पण उद्याचा किडा कुठून येणार म्हणून आज घरट्यात डोकं धरून बसलेली मला ती एकदाही दिसली नाही. मी मात्र बसत होते.

बरं, एक सूचना. कालपासून ती पुन्हा अंड्यांवर बसली आहे. सायकल काढायला गॅरेजपाशी गेलीस तर दार हळू उघड. दचकून उठली, तर अंडी गार पडतात.

तुझी,
आई