‘पान’ सरकताना दिसायला हवं

प्रिय मित्रा,

शब्दांचे अर्थ दाखवणाऱ्या तुझ्या प्रदर्शनाचा आराखडा वाचला. प्रेक्षकाने कोणताही शब्द टाकावा आणि त्याचा अर्थ भिंतीवर उलगडावा, हे फार पसरट होतंय. एकच शब्द घे. मी ‘पान’ सुचवेन: झाडाचं, पुस्तकाचं, विड्याचं, पत्त्यांचं आणि पंगतीत वाढलेलं. प्रेक्षक ‘पान’ असलेलं वाक्य लिहील आणि भिंतीवरच्या अर्थांच्या नकाशात ‘पान’चा ठिपका त्या वाक्याप्रमाणे जागा बदलेल. शब्दाचा अर्थ शेजारपाजारावरून ठरतो, हे डोळ्यांना दिसेल.

इथे फास्टटेक्स्ट, म्हणजे शब्दाचा अर्थ आकड्यांत मांडणारं जुनं साधन, उपयोगाचं नाही. त्यात एका शब्दाला ३०० आकड्यांची एकच यादी असते, म्हणून पाचही पानं एकाच जागी येऊन बसतात. ‘म्युरिल’ हे भारतीय भाषांसाठीचं भाषा-मॉडेल घे. ते वाक्य बघून शब्दाला ७६८ आकडे देतं, आणि एकेका वाक्यासाठी साधा लॅपटॉपही पुरतो. मॉडेलने शब्दाचे तुकडे पाडले तर त्या तुकड्यांच्या आकड्यांची सरासरी काढ. टोकनायझरमधली, म्हणजे हे तुकडे पाडणाऱ्या भागातली, ॲक्सेंट (अक्षरांवरची चिन्हं) काढण्याची सोय बंद आहे ना, हे आधी तपास. ती चालू राहिली तर उकार आणि अनुस्वार गळतात, ‘फूल’चं ‘फल’ होतं, आणि चूक कुठे झाली ते शोधण्यात आठवडा जातो.

खरी मेहनत वाक्यांची आहे. प्रत्येक अर्थाची ४०, म्हणजे २०० वाक्यं स्वतः लिही. विड्याच्या वाक्यांत नुसतं ‘पान’ आणि पुस्तकाच्या वाक्यांत कायम ‘पानावर’ असं झालं, तर यंत्र अर्थ सोडून विभक्तीवरून गट पाडेल. नकाशा मात्र सुरेख दिसेल, म्हणूनच ही चूक सहज लक्षात येत नाही. पाचही अर्थांत सगळी रूपं आणि लहानमोठी वाक्यं मिसळ.

मग या वाक्यांतून मिळालेल्या आकड्यांच्या सगळ्या याद्यांची सरासरी प्रत्येकीतून वजा कर, नाहीतर सगळंच एकमेकांजवळ भासतं. नकाशा पीसीएने, म्हणजे ७६८ आकडे दोनांवर आणणाऱ्या गणिती पद्धतीने, एकदाच आख आणि गोठव. टी-एसएनई ही त्याच कामाची दुसरी पद्धत वापरू नकोस, त्यात नवं वाक्य जुन्या नकाशावर बसवता येत नाही.

‘वाऱ्याने पान हललं’ यातला ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टंकला जातो. दिसतो सारखाच, पण यंत्राला वेगळा. आत घेतानाच एकरूप कर. पडद्यावर अक्षरं सुटी करून हलवणार असशील तर जोडाक्षर आणि त्याची मात्रा एकत्र ठेव. नव्या ब्राउझरमध्ये ‘इंटल.सेगमेंटर’ ही मजकूर अक्षरांत तोडणारी सोय हे काम करते.

आवाजाऐवजी कळफलक ठेव. दालनातल्या गोंगाटात आवाज ओळखणाऱ्या यंत्रातून न बोललेली वाक्यंही उमटतात. ठिपका दोनेक सेकंद घेऊन सरकू दे, झटकन उडी मारली तर प्रवास दिसत नाही. ‘त्याने पान पुढे केलं’ यासारख्या वाक्याला तो मधेच थांबला तर थांबू दे, जवळच्या गटाकडे ओढू नकोस. तिथे माणसंही अडखळतात, आणि मला त्या थांबण्याचंच सगळ्यात जास्त अप्रूप आहे.

चाचणीला मुद्रितशोधक, पानवाला आणि पंगतीत वाढणारं कुणीतरी बोलाव. त्यांची वाक्यं साठवण्याआधी त्यांना विचार.

तुझा,
एक सहप्रवासी