परदेशी निघताना छापील गाइडबुक घ्यावे का?

प्रश्न : आम्ही दोघे बँकेतून निवृत्त झालो असून ताराबाई पार्कात राहतो. आजवर दोन परदेश दौरे टूर कंपनीबरोबर केले. दोन्ही वेळा बसमधून उतरायचे, फोटो काढायचे आणि पुन्हा बसमध्ये बसायचे, एवढेच झाले. म्हणून आता सोळा दिवस जपानला स्वतःच्या आखणीने जाण्याचे ठरवले आहे. जपानचे इंग्रजी गाइडबुक सुमारे दोन हजार रुपयांना पडते. मुलगा म्हणतो की सगळी माहिती मोबाइलवर फुकट मिळत असताना हा खर्च आणि हे ओझे कशासाठी? आपले मत कळवावे.
— एक दांपत्य, ताराबाई पार्क, कोल्हापूर

उत्तर : पुस्तक अवश्य घ्यावे, मात्र ते निघण्याच्या आठवड्यात नव्हे, तर विमानाची तिकिटे काढण्याआधी घ्यावे. गाइडबुकाचा मोठा उपयोग टोकियोच्या रस्त्यावर उभे राहून पाने उलटण्यात नाही. तो आपल्या घरच्या टेबलाशी बसून सोळा दिवसांची वाटणी करण्यात आहे. रस्त्यापुरते आपल्या चिरंजीवांचे म्हणणे अगदी बरोबर आहे. जपानमध्ये बहुतेक रस्त्यांना नावेच नसतात आणि पत्ता हा विभाग, गट व इमारत यांच्या क्रमांकांनी लिहिला जातो, त्यामुळे गल्लीतले एखादे उपाहारगृह शोधायला मोबाइलचा नकाशाच लागतो. गाडीची वेळ, फलाटाचा क्रमांक, पावसाचा अंदाज किंवा जपानी पाटीचे भाषांतर यांतही पुस्तकाने मोबाइलशी स्पर्धा करू नये.

परंतु मोबाइलला आधी प्रश्न विचारावा लागतो, आणि प्रथमच जाणाऱ्याला कोणता प्रश्न विचारायचा हेच पुष्कळदा ठाऊक नसते. जपानमध्ये ‘ताक्क्युबिन’ नावाची सामान पोहोचवण्याची सेवा आहे. टोकियोतील हॉटेलच्या काउंटरवर बॅग दिली की ती साधारणपणे दुसऱ्या दिवशी क्योतोतील हॉटेलात पोहोचते आणि आपण हातात लहान पिशवी घेऊन मोकळेपणाने प्रवास करतो. टोकियो-क्योतो मार्गावरच्या शिनकान्सेन या अतिवेगवान गाडीत तर लांबी, रुंदी व उंची यांची बेरीज १६० सेंटिमीटरहून अधिक असलेल्या बॅगेसाठी २०२० सालापासून जागा आधी राखून ठेवावी लागते. अशी सेवा आहे किंवा असा नियम आहे याची कल्पनाच नसेल, तर माणूस शोधणार तरी काय? चांगल्या पुस्तकात प्रवासाच्या तयारीचे प्रकरण वाचताना या गोष्टी न शोधता समोर येतात, आणि साठीनंतरच्या प्रवासात जिन्यांवरून बॅगा न ओढण्याचे मोल दोन हजार रुपयांहून नक्कीच जास्त आहे.

दिवसांची वाटणी करतानाही असेच होते. जपानमधील पुष्कळशी संग्रहालये सोमवारी बंद असतात आणि सोमवारी सार्वजनिक सुटी आली, तर बहुधा त्यानंतरच्या दिवशी बंद राहतात. क्योतोमधील काही स्थळे, उदाहरणार्थ शेवाळाच्या बागेसाठी प्रसिद्ध असलेले साइहोजी मंदिर, आधी नोंदणी केल्यावाचून पाहता येत नाहीत. एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ‘गोल्डन वीक’च्या सुट्या लागून येतात आणि सारा देश प्रवासाला निघतो, त्या दिवसांत हॉटेले महागतात व गाड्या भरलेल्या असतात. ही माहिती मोबाइलवरही आहे, यात शंका नाही. पण ती प्रत्येक स्थळाच्या नावामागे विखुरलेली आहे, आणि तारखा ठरून पैसे भरून झाल्यावर ती हाती लागली तर तिचा काहीच उपयोग नसतो.

काय पाहावे यापेक्षा काय सोडावे हे ठरवणे मला नेहमीच अधिक अवघड गेले आहे. मी स्वतः जपानची आखणी केली, तेव्हा मोबाइलवरच्या याद्या पाहून चौदा दिवसांत सहा शहरे बसवली होती. पुस्तकातील प्रदेशांचे नकाशे आणि प्रत्येक ठिकाणासाठी सुचवलेले दिवस पाहिल्यावर मी त्यांतील तीन शहरे काढून टाकली, आणि ती तीन शहरे काढल्यामुळेच क्योतोमध्ये सकाळी सहा वाजता, गर्दी होण्याआधी, रिकाम्या मंदिरांतून हिंडता आले. निवड करून देणे हे तर गाइडबुकाचे मूळचेच काम आहे. कार्ल बेडेकर यांनी १८२७ साली जर्मनीतील कोब्लेंझ येथे ज्या प्रकाशनसंस्थेची सुरुवात केली, तिच्या मार्गदर्शकांनी एकोणिसाव्या शतकातच महत्त्वाच्या स्थळांपुढे तारे छापायला सुरुवात केली होती, आणि कमी दिवस हाताशी असलेल्या प्रवाशाने आधी काय पाहावे हे ते तारे सांगत असत.

आता पुस्तकावर कोठे विसंबू नये तेही सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे भाडी व दर. जपान रेल्वेचा सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनांना मिळत असे. १ ऑक्टोबर २०२३ पासून त्याची किंमत ५०,००० येन झाली. टोकियो ते क्योतो हे शिनकान्सेनचे एकेरी तिकीट साधारण १४,००० येनांना पडते. म्हणजे पूर्वी एक जाऊन-येऊन प्रवास केला तरी पासाचे पैसे जवळजवळ वसूल होत होते, आणि आज तेवढ्याच प्रवासासाठी पास घेणारा वीस हजार येनांहून अधिक रक्कम वाया घालवतो. त्या तारखेआधी छापलेल्या पुस्तकात मात्र पास घ्यावा हा सल्ला ठळकपणे असतो, आणि लिहिला गेला तेव्हा तो योग्यच होता. यासाठी पुस्तक विकत घेण्यापूर्वी मुखपृष्ठामागचे पान उघडून आवृत्तीचे साल पाहावे. लेखक प्रत्यक्ष फिरून येतो, नंतर संपादन होते, मग छपाई होते, त्यामुळे अगदी ताज्या आवृत्तीतली माहितीही काही महिने आधीचीच असते, हे गृहीत धरावे.

दुसरी गोष्ट व्हिसाची आहे, आणि इथे आपल्या वाचकांची दिशाभूल होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. ही पुस्तके प्रामुख्याने अमेरिका, ब्रिटन व ऑस्ट्रेलिया येथील वाचकांना समोर ठेवून लिहिलेली असतात. त्यांना जपानमध्ये नव्वद दिवसांपर्यंतच्या पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही. आपल्याला तो निघण्यापूर्वी घ्यावाच लागतो. तेव्हा ‘व्हिसाची आवश्यकता नाही’ असे वाक्य दिसले, तर ते कोणत्या पासपोर्टबद्दल आहे हे आधी पाहावे आणि व्हिसासाठी त्या देशाच्या वकिलातीच्या अधिकृत सूचनाच प्रमाण मानाव्यात. आहाराचेही थोडेसे तसेच आहे. आपण शाकाहारी असाल, तर जपानमध्ये भाजीच्या आमटीत किंवा साध्या नूडल्सच्या रश्श्यातही बहुधा ‘दाशी’ नावाचा, सुकवलेल्या माशाचा अर्क असतो, हे आवर्जून लक्षात ठेवावे. बौद्ध मंदिरांच्या परंपरेतील ‘शोजिन र्‍योरी’ हे जेवण मात्र शाकाहारी असते, आणि ते कोठे मिळते याची नोंद बहुतेक गाइडबुकांत सापडते.

एखाद्या प्रकाशनाच्या पुस्तकावर किती विश्वास ठेवावा हे जोखण्याची माझी एक पद्धत आहे, ती आपण करून पाहावी. त्याच प्रकाशनाचे भारतावरचे पुस्तक ग्रंथालयात किंवा दुकानात मिळाले, तर त्यात कोल्हापूर उघडावे. एवढ्या मोठ्या देशाच्या पुस्तकात आपल्या गावाच्या वाट्याला मोजकीच पाने येणार, हे उघड आहे. अंबाबाईचे मंदिर, नवा राजवाडा, रंकाळा, पन्हाळ्याचे अंतर या गोष्टी बरोबर आहेत का ते पाहावे. आणि मग किरणोत्सव वर्षातून मोजकेच दिवस असतो, चैत्री पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगराकडे जाणारा रस्ता यात्रेकरूंनी भरून वाहतो, सकाळी तालमीत गेले तर लाल मातीतली मेहनत पाहता येते, यांतले किती त्या लेखकाच्या कानावर आले आहे ते तपासावे. ज्या गावाची आपल्याला खडान्‌खडा माहिती आहे त्याच्याविषयी तो लेखक किती खरे व किती नेमके लिहितो हे कळले, म्हणजे क्योतोबद्दलच्या त्याच्या शब्दाला किती वजन द्यावे याचा अंदाज येतो.

ओझ्याची काळजी नको. पुस्तक नेहमीच्या बायंडरकडे द्यावे आणि आपल्याला लागणारी प्रकरणे सुटी करून स्पायरलमध्ये बांधून घ्यावीत. बाकीचा भाग घरीच राहू द्यावा.

प्रश्न : मी शिवाजी विद्यापीठात शिकतो. आम्ही तिघे मित्र व्हिएतनामला जाणार आहोत. जुन्या पुस्तकांच्या दुकानात २०१८ सालचे गाइडबुक दोनशे रुपयांना मिळत आहे. ते घेतले तर चालेल का?
— एक विद्यार्थी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : दोनशे रुपयांत घ्यायला हरकत नाही, पण त्यातला कोणता भाग वाचायचा हे ठरवून घ्या. इतिहास, भूगोल, चालीरीती आणि हवामान यांची प्रकरणे आजही तितकीच उपयोगी आहेत. व्हिएतनाम दक्षिणोत्तर लांबच लांब पसरलेला असल्याने एकाच महिन्यात त्याच्या तीन भागांत तीन प्रकारची हवा असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हनोईकडे हवा छान असताना मध्य किनाऱ्यावर जोरदार पाऊस असतो आणि होइ आन या जुन्या शहरात पुराचे पाणी रस्त्यांवर येते. दिवाळीच्या सुटीत जाण्याचा विचार असेल, तर हे प्रकरण दोनदा वाचा. जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत केव्हातरी ‘तेत’ हे त्यांचे नववर्ष येते. त्या दिवसांत दुकाने बंद असतात आणि गाड्यांची तिकिटे मिळत नाहीत.

बाकीचे मात्र पुष्कळ बदलले आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून ई-व्हिसा नव्वद दिवसांपर्यंतचा मिळू लागला आहे. तुमच्या पुस्तकात तीसच दिवस असतील. १ जुलै २०२५ रोजी तेथील ६३ प्रांत व शहरांचे विलीनीकरण होऊन ३४ उरले, आणि होइ आन ज्या क्वांग नाम प्रांतात होते तो प्रांत दा नांग शहरात समाविष्ट झाला, त्यामुळे पुस्तकातला पत्ता आणि तिकिटावरचा पत्ता जुळला नाही तर गोंधळून जाऊ नका. हो ची मिन्ह शहरात डिसेंबर २०२४ मध्ये मेट्रो सुरू झाली, तिचा तर त्या नकाशात मागमूसही नसेल. हॉटेले, खाणावळी आणि बसचे दर यांची पाने सरळ सोडून द्या. मी एकदा अशाच जुन्या आवृत्तीवर विसंबून रात्री उशिरा एका वसतिगृहाच्या पत्त्यावर पोहोचलो, तेव्हा तेथे कपड्यांचे दुकान होते आणि पाठीवर सामान घेऊन तासभर दारोदार विचारत हिंडावे लागले. राहण्याची जागा निघण्यापूर्वी मोबाइलवरूनच निश्चित करा.

प्रश्न : आईला घेऊन थायलंडला जाणार आहे. तिला इंग्रजी वाचता येत नाही आणि ती पूर्ण शाकाहारी आहे. मराठीत असे गाइडबुक आहे का?
— एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : मराठीत प्रवासवर्णनांची परंपरा मोठी आहे आणि आईंना एखादे जरूर वाचायला द्यावे, पण प्रवासवर्णन आणि गाइडबुक यांची कामे वेगळी आहेत. माझी सूचना अशी की इंग्रजी गाइडबुक आपण वाचावे आणि त्यातून आईंसाठी मराठीत एक छोटी वही तयार करावी. ती करताना आईंना शेजारी बसवून घ्यावे, म्हणजे काय पाहायचे हे त्याही ठरवतील.

वहीच्या पहिल्या पानावर ‘किन जे’, म्हणजे ‘जे खाणे’, हे दोन थाई शब्द लिहावेत. थायलंडमध्ये ‘जे’ म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध आणि कांदा-लसूणही वर्ज्य असलेले जेवण. पिवळ्या रंगावर लाल अक्षरांत ही खूण असलेली दुकाने असतात, ती खूण गाइडबुकातून पाहून वहीत काढून ठेवावी. त्याखाली पर्यटक पोलिसांचा ११५५ हा क्रमांक असावा. शेवटचे पान कोरे ठेवावे आणि बँकॉकला पोहोचल्यावर हॉटेलच्या काउंटरवर त्या पानावर हॉटेलचे नाव व पत्ता थाई लिपीत लिहून घ्यावा, म्हणजे बाजारात चुकामूक झालीच, तर आईंना ते पान टॅक्सीवाल्यापुढे धरता येईल.